चौदाच्या पुढची सात गावं

आमचे सर मेन स्विचपाशी उभं राहून शिकवायचे.

बुरहानपूरच्या बुधवारा पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे सरांचा कॉम्प्युटरचा क्लास. तेव्हा बुरहानपूर जिल्हा झालेला नव्हता, बारीकसारीक कागदासाठी खंडव्याला जावं लागायचं, आणि कॉम्प्युटर शिकणारी मुलगी म्हटलं की गल्लीतले लोक वळून पाहायचे. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील शाळेत शिक्षक. सी भाषा आली की बाकीच्या भाषा आपोआप येतात, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं, आणि सी शिकवणारा माणूस गावात एकच होता.

आतल्या खोलीत सहा कॉम्प्युटर, त्यातले पाच चालायचे. दाराशेजारी भिंतीवर काळा मेन स्विच. बाकीचे शिक्षक टेबलावर हात टेकतात तसा सरांचा उजवा हात त्या स्विचच्या दांडीवर टेकलेला असे. आम्ही फाइलीत दहा नावं लिहायचा प्रोग्रॅम करत असू. चार-पाच नावं टाइप होतात न होतात तोच खट्कन सगळे पडदे काळे. पंखा फिरत फिरत थांबे. सर शांतपणे दांडी वर करत आणि म्हणत, बघा आता किती नावं आहेत. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून पाहावं तर फाइल असे, तिचं नाव असे, आत मात्र एक अक्षर नसे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी चिडले होते. मी पाच नावं लिहिली होती सर, असं म्हटलं.

"तुम्ही लिहिली, ताई. त्यानं ती हातात धरून ठेवली. खाली ठेवली नाही."

मग त्यांनी समजावलं. प्रोग्रॅम आपण सांगितलेलं प्रत्येक अक्षर धावत जाऊन डिस्कवर लिहीत नाही. थोडं थोडं स्वतःजवळ साठवतो आणि पुरेसं जमलं की एकदम लिहितो. फाइल बंद कर, असं सांगितलं की हातातलं होतं नव्हतं ते सगळं खाली ठेवतो आणि हात झटकतो. ते सांगायच्या आत लाइट गेली, तर हातातलं गेलं. कोणीतरी विचारलं, पण सर, तुम्ही मुद्दाम कशाला घालवता? त्यावर ते म्हणाले की बुरहानपूरची लाइट रोज जाते, पण ती शिकवण्याच्या वेळी जाईल याचा भरवसा नाही.

दिसायला उंच, किडकिडीत. बाराही महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापाशी गुंडी लावलेली. दुपारी जेवत नसत. कागदात बांधलेला दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, आणून चमच्यानं खात आणि कागदाची घडी करून खिशात ठेवत. लग्न केलेलं नव्हतं. पूर्वी पुण्यात एका कंपनीत होते. तिथून का आले याबद्दल बुधवाऱ्यात दोन मतं होती. एक, आईच्या आजारपणासाठी. दुसरं, साहेबाशी भांडण झालं. माझ्या वडिलांनी एकदा सरळच विचारलं होतं. सर म्हणाले, तिथलं काम संपलं. कोणतं काम, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मुलींना ते ताई म्हणत, मुलांना भाऊ, आणि सगळ्यांनाच तुम्ही. सोळा वर्षांच्या पोरालाही. पोरं आपसांत अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची, सरही बोलायचे, पण 'तू' त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

प्रोग्रॅम चालवण्याआधी तो वहीत लिहायचा आणि मोठ्यानं वाचायचा, हा नियम. डोळा उडी मारतो, जीभ मारत नाही, असं ते म्हणत. त्यामुळे क्लासमधून दिवसभर आवाज यायचे, "उघडला महिरपी कंस, फाइल उघड, अर्धविराम, नाव लिही, अर्धविराम, बंद महिरपी कंस." खालच्या दुकानाचे शेठजी एकदा वर आले आणि म्हणाले, "सरजी, ये कौन-सा पाठ करवाते हो बच्चों से? ग्राहक पूछते हैं." सरांनी त्यांना बसवून घेतलं आणि एका मुलाला एक आख्खा प्रोग्रॅम वाचून दाखवायला सांगितलं. शेठजी शेवटपर्यंत हात जोडून बसले होते.

बिल्ल्यांची गोष्टही अशीच. बाहेरच्या खोलीत एका फळीवर खिळे होते आणि खिळ्यांना पत्र्याचे पाच बिल्ले. कॉम्प्युटरवर बसायचं तर बिल्ला घ्यायचा, उठताना परत अडकवायचा. एकदा एक मुलगी बिल्ला पर्समध्ये घालून मावसबहिणीच्या लग्नाला खंडव्याला निघून गेली. आठ दिवस एक कॉम्प्युटर रिकामा. आम्ही भिंतीला टेकून उभे राहायचो आणि समोर चालू स्थितीतला कॉम्प्युटर रिकामा दिसायचा. पत्र्याचा एक तुकडा कापला असता तर सहावा बिल्ला झाला असता. सरांनी तो कापला नाही. ते म्हणायचे की कॉम्प्युटर आतून असाच असतो, त्याच्याजवळ मोजके बिल्ले आहेत. फाइल उघडली की एक जातो, बंद केली की परत येतो. नाही केली, तर बसा वाट पाहत. आम्हाला तो हट्ट वाटला. त्या मुलीच्या बापानं तर क्लासच बदलायची धमकी दिली, पण बदलणार कुठे?

सर पहाटे राजघाटावर तापीत पोहायला जात. पोहून झालं की इतर लोक कपडे घालून घरी निघत. सर कपडे घालून पायरीवर बसत. ते पाण्यात असताना जितकी माणसं पाण्यात उतरली, तितकी बाहेर आल्याशिवाय उठत नसत. ओळख असो नसो. माझे वडीलही तिथे जायचे, म्हणून हे मला ठाऊक. एकदा कोणी परगावचा माणूस कपडे पायरीवर ठेवून उतरला आणि पोहत पोहत खालच्या अंगाला निघून गेला. सर बसून राहिले. आठ वाजले, नऊ वाजले, आम्ही क्लासच्या जिन्यावर कुलपाकडे पाहत बसलो. अकराच्या सुमाराला तो माणूस ओल्या पंच्यानं काठाकाठानं चालत आला. त्याला एका देवळात कोणी ओळखीचं भेटलं होतं. सर उठले, क्लासला आले, कुलूप काढलं आणि आदल्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथून शिकवायला लागले. बसण्यामागे काही जुनी घटना असेल, असं वडील म्हणायचे. मी कधी विचारलं नाही. आता विचारायला सर नाहीत.

मी त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी होते. हे मी आता संकोचानं लिहिते, तेव्हा संकोच नव्हता. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मी आधीच वाचलेलं असायचं. त्यात वाचलं होतं की प्रोग्रॅम नीट संपला की उघड्या राहिलेल्या सगळ्या फाइली आपोआप बंद होतात. मी करूनही पाहिलं होतं. बंद करायची ओळ गाळली, प्रोग्रॅम संपू दिला, सगळी नावं जागच्या जागी. मग मी भर क्लासमध्ये सरांना म्हटलं की ही ओळ लिहायची गरजच नाही, संपल्यावर आपोआप होतंच.

"होतं," सर म्हणाले. "पण संपेपर्यंत?"

एवढंच. मला ते उत्तर वाटलं नाही. त्यांच्याकडे उत्तर नाही, असं वाटलं. त्या दिवसापासून ती ओळ मी लिहायची म्हणून लिहायला लागले, जेवणाआधी हात ओले केल्यासारखे करतात तशी.

त्या वर्षी थंडीत धूलकोटला डोळ्यांची तपासणी झाली. एका धर्मादाय संस्थेनं ठेवली होती. आजूबाजूच्या एकवीस गावांतली म्हातारी माणसं बैलगाडीनं, ट्रॅक्टरनं आली. ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांना एकेक चिठ्ठी मिळाली, आणि सांगितलं गेलं की गावोगावी यादी येईल, यादीत दिलेल्या दिवशी गाडी येईल, त्या गाडीनं बुरहानपूरला यायचं, ऑपरेशन होईल. मोठे डॉक्टर इंदूरहून आठच दिवसांसाठी येणार होते. सगळ्यांची नावं एका जाड रजिस्टरात होती. त्यातून गावनिहाय याद्या करायचं काम संस्थेनं सरांकडे दिलं, आणि सरांनी ते मला दिलं. खऱ्या कामासाठी लिहिलेला माझा तो पहिला प्रोग्रॅम.

काम सोपं होतं. सगळी नावं एका फाइलीत टाइप केली. प्रोग्रॅमनं एकेक गाव घ्यायचं, त्या गावाच्या नावाची नवी फाइल उघडायची, त्यात त्या गावची माणसं आणि गाडीचा दिवस लिहायचा, मग पुढचं गाव. मी पाच गावांवर चालवून पाहिला. एका गावाच्या नावात चुकून तिरपी रेघ टाइप झाली होती, त्यामुळे त्याची फाइल उघडेना आणि प्रोग्रॅम तिथेच अडकला. सरांनी शिकवलं होतं की फाइल उघडली नाही तर तसं पडद्यावर लिहा आणि थांबा. मला थांबायला वेळ नव्हता. मी लिहिलं, उघडली नाही तर पुढच्या गावाला जा. नावातली रेघ नंतर काढली, पण ती ओळ तशीच राहू दिली.

आणि फाइल बंद करायची ओळ मी लिहिली, पण एकदाच, अगदी शेवटी. प्रत्येक गावानंतर नाही. सरांनी विचारलं तर लिहिली आहे म्हणता यावं, म्हणून.

सरांनी विचारलंच. छापायच्या दिवशी लाइट दोनच तास होती, प्रिंटर करकरत होता, संस्थेचा माणूस जीप घेऊन खाली उभा होता. फाइल बंद केली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. त्या दिवशी सरांनी माझ्याकडून वाचून घेतलं नाही. कागदाचा गठ्ठा बांधला आणि जीपमध्ये दिला.

ऑपरेशनं झाली. आठ दिवसांनी डॉक्टर इंदूरला परत गेले. संस्थेनं सरांचे आभार मानले, सरांनी माझे मानले. मी घरी मावा जिलेबी घेऊन गेले.

त्यानंतर पंधरवड्यानं दुपारी एक गुरुजी जिना चढून आले. धूलकोटच्या पलीकडच्या एका लहान गावातल्या शाळेचे. त्यांच्या हातात रबर लावलेल्या नऊ चिठ्ठ्या होत्या. गावातली नऊ माणसं त्यांनी तपासणीला नेली होती, नऊही जणांना ऑपरेशन सांगितलं होतं. यादी आलीच नाही. त्यांना वाटलं आपल्या गावाचा दिवस अजून यायचा आहे. मग कळलं की डॉक्टर गेलेसुद्धा. संस्थेत विचारलं तर तिथले म्हणाले, आमच्याकडे यादीत तुमचं गाव नाही, म्हणजे डॉक्टरांनी तुमचं कोणी घेतलं नसेल. गुरुजी भांडायला आले नव्हते. हळू आवाजात विचारत होते, "आमच्या लोकांच्या डोळ्यांत काही दोष निघाला का? तेवढं समजलं तर बरं."

सरांनी त्यांना पाणी दिलं. याद्यांच्या प्रती काढल्या आणि मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग माझ्या प्रोग्रॅमचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"वाचा, ताई."

मी वाचायला लागले. गाव घे, उघडला महिरपी कंस, फाइल उघड, उघडली नाही तर पुढे जा, नावं लिही, बंद महिरपी कंस. तिथे माझी जीभ थांबली. त्याच्या पुढे ती ओळ होती, कंसाच्या बाहेर.

"किती याद्या निघाल्या असतील?" सरांनी विचारलं.

मी मनात हिशोब केला. त्या कॉम्प्युटरजवळ एका प्रोग्रॅमसाठी वीस बिल्ले. पाच तो स्वतःच्या कामासाठीच ठेवतो. एक मी नावांच्या मूळ फाइलीला घेतला होता. उरले चौदा. चौदा गावांच्या फाइली उघडल्या, एकही बंद झाली नाही, एकही बिल्ला परत आला नाही. पंधराव्या गावाची फाइल उघडेना. आणि उघडली नाही तर गप्प पुढे जा, असं मीच सांगून ठेवलं होतं. सोळावं गाव, सतरावं, थेट एकविसाव्यापर्यंत. प्रोग्रॅम संपला, चौदा फाइली आपोआप बंद झाल्या, मी पुस्तकात वाचलं होतं अगदी तशा. रजिस्टरात गावं धूलकोटपासून अंतरानं लिहिली होती. शेवटची सात म्हणजे सगळ्यांत लांबची, लहान गावं. अडतीस माणसं.

गुरुजींना यातलं फारसं कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की आमची माणसं चांगली आहेत ना मग.

"माणसं चांगली आहेत," सर म्हणाले. "यादी करण्यात चूक झाली. माझ्याकडून."

मला बोलायचं होतं. गुरुजी गेल्यावर मी म्हटलं की सर, चूक तुमची नव्हती. ते कागदाची घडी करत होते. म्हणाले, "मी वाचून घेतलं नाही. तुमचा प्रोग्रॅम होता, म्हणून नाही घेतलं." रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी सुचवलं की सातही गावांना पत्र पाठवू. सर म्हणाले, कागदावरच तर सगळं बिघडलं, आता जाऊन सांगायचं. संध्याकाळी ते आमच्या घरी आले, वडिलांची परवानगी घ्यायला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हिची चूक आहे का? सर म्हणाले, आमची आहे. वडील म्हणाले, मग घेऊन जा.

क्लासला चार दिवस कुलूप लागलं. धूलकोटपर्यंत बस, तिथून गुरुजी सोबत, कधी ट्रॅक्टर, कधी पायी. थंडी सरत आली होती, कापसाची शेवटची वेचणी चालू होती. सर अडतीस माणसांची यादी हातानं लिहून घेऊन आले होते. प्रत्येक घरी जायचे, चप्पल काढायचे, बसायला सांगेपर्यंत उभे राहायचे आणि म्हणायचे, मी बुरहानपूरला कॉम्प्युटर शिकवतो, तुमचं नाव यादीत यायला हवं होतं, माझ्या चुकीनं राहिलं. माझं नाव त्यांनी एकाही घरी घेतलं नाही. मी मागे उभी असायची, वही धरून.

लोकांनी चहा दिला. एकानं दार लावून घेतलं. बहुतेकांना वाटलं, सरकारी काम असंच असतं. सर त्यांना सांगत की नाही, सरकारचा यात काही संबंध नाही. कोणी म्हणालं, मशीनच ते, मशीनला काय कळतं. तेही सर चालू देत नसत.

"मशीन तर सांगत होतं की माझ्याजवळ जागा नाही," ते म्हणत. "आम्हीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं."

हे ते त्या माणसाला सांगत होते. पण मी मागे उभी होते.

शेवटचं गाव गुरुजींचं. शेवटचं घर वेणूबाईंचं. सत्तरीच्या असतील. अंगणात बाजेवर बसल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत दुधाळ पडदा. गुरुजींनी वाटेत सांगितलं होतं की गाडीच्या आशेनं ही बाई आठ दिवस रोज सकाळी लुगडं नेसून, पिशवी घेऊन रस्त्यावर येऊन बसायची. सरांनी आपलं ठरलेलं बोलायला सुरुवात केली. वेणूबाईंनी मान वळवली, सरांकडे नाही, माझ्याकडे.

"संगं कोन हाय? बांगड्या वाजल्या."

सर म्हणाले, "ही माझी..."

"आजी, ती यादी मी केली होती," मी म्हटलं. "तुमचं नाव माझ्यामुळे राहिलं. सरांमुळे नाही."

वेणूबाईंनी बाजेवर हात फिरवून जागा दाखवली. मी बसले.

"मले वाटलं," त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं माहे डोये पाह्यले, अन् ठरवलं का आता काही उपेग नाही. म्हून बलावलं नाही. तोंडावर सांगायला वाईट वाटलं असंल त्याले." पुढे म्हणाल्या, "मी सुनेले चूल देऊन टाकली. म्हटलं, आता काय दिसायचं नाही, तर भांडत कायले बसावं. नातवाचं तोंड हातानंच पाहून घेतलं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी तो घेतला असता. राग नव्हता. पंधरा-वीस दिवस ही बाई अंगणात बसून स्वतःला आंधळं मानायची सवय करत होती, आणि डॉक्टरनं तसं काही ठरवलंच नव्हतं. कोणीच काही ठरवलं नव्हतं. फक्त एक ओळ कंसाबाहेर होती. पहिल्यांदा मला कळलं की यादीत नाव नसणं हाही एक निरोप असतो, आणि माणूस त्याचा अर्थ स्वतःच लावतो, तोही नेहमी वाईटातला वाईट.

"बरं झालं सांगाले आले," वेणूबाई म्हणाल्या. मग सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं.

परतताना बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. स्टँडवर उतरताना म्हणाले, उद्यापासून मी नसेन, चार-सहा दिवस, क्लास तुम्ही उघडा. आणि किल्ली माझ्या हातात दिली.

ते इंदूरला गेले होते, डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. सर बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी रोग्यांच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला, तपासायच्या स्टुलावर बसले आणि टेबलावर अडतीस नावांची यादी ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे मला पुढे त्या डॉक्टरांनीच सांगितलं. ते म्हणाले, चौथ्या दिवशी त्यांना पाहून मीच विचारलं, तुम्ही असे किती दिवस येणार? तुमचे सर म्हणाले, यादी संपेपर्यंत. डॉक्टर हसले, पण त्यांनी डायरी काढली आणि होळीनंतरचे दोन दिवस दिले.

सगळं नीट झालं असं नाही. अडतीसपैकी एकतीस जणांचं ऑपरेशन झालं. चौघांनी यायला नकार दिला, एकदा नाव गळालं तो देवाचा इशारा, असं म्हणून. सर त्यांच्याकडे पुन्हा जाऊन आले, पण ते बधले नाहीत. एक बाई तोवर दुसऱ्याच दुखण्यानं गेल्या होत्या, एक म्हातारे मुलाकडे गुजरातेत निघून गेले होते, त्यांचा पत्ता लागला नाही. आणि एकाचा मोतीबिंदू तेवढ्या दिवसांत इतका पिकला की आत फुटून डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरापूर्वी आला असता तर वाचला असता. त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही. मला पाठ आहे.

त्यानंतर मी शिकले, नोकरी केली, आता पुण्यात इतरांचे प्रोग्रॅम तपासते. नवी मुलं म्हणतात, मॅडम, आजकाल भाषा स्वतःच सगळं बंद करते, सीचा जमाना गेला. मी त्यांना ही गोष्ट सांगत नाही. पण प्रोग्रॅमनं काही न सांगता पुढे जावं असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर माझ्याकडून तो पुढे जात नाही. मुलं मला कटकटी म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

होळीनंतरच्या त्या दोन दिवसांत दवाखान्यात मी आणि सर सकाळपासून होतो. लोकांना खाटा दाखवायच्या, चिठ्ठ्या पाहायच्या, नातेवाइकांना थांबायची जागा सांगायची. वेणूबाईंचा उजवा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. सुनेनं त्यांना काळा चष्मा लावून दिला होता. मी जवळ गेले, त्यांनी माझ्या बांगड्यांना हात लावला, मग चष्मा थोडा खाली करून नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"एवढीशी पोरगी हाय ही," त्या सुनेला म्हणाल्या. "आवाजावरून मले मोठी बाई वाटली व्हती."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि माझ्यामागे पाहिलं. दारात सर उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात.

"अन् हे कोन?" त्यांनी विचारलं.

"आजी, हे माझे सर," मी म्हटलं.

सरांनी खाली पाहिलं. मग हात जोडले आणि म्हणाले, "चला ताई, पलीकडच्या खोलीत अजून चौघं आहेत."